दोन गावांची एक वही

पुण्याच्या जुन्या पेठा वसल्या त्या कौल देऊन. अठराव्या शतकात पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी उदमी आणि कारागीर बोलावून घेतले, नव्या पेठेत दुकान थाटणाऱ्याला काही वर्षे करात सूट दिली, शेटे-महाजन नेमले आणि मुठेकाठच्या एका कसब्याचे शहर केले. कोकणातून तांबट आले. कसबा पेठेतली त्यांची आळी अजूनही पत्ता विचारण्याआधी ठोक्यांच्या आवाजावरून सापडते. गुजराती आले, मारवाडी आले, बोहरी आले. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून डोंगरातले पाणी भुयारी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले तेही याच शतकात. माणूस आणायचा तर पाणीही आणावे लागते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना कुणी वेगळे समजावून सांगावे लागले नसावे.

हौद मात्र सगळ्यांचे नव्हते. साताऱ्याकडच्या कटगुणहून निघालेले, खानवडीमार्गे पुण्यात येऊन फुलांच्या धंद्यात स्थिरावलेले एक कुटुंब होते. त्या कुटुंबातल्या जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शहरात येणे आणि शहराच्या पाण्यावर हक्क मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये कधी एक पिढी जाते, कधी चार.

स्थलांतराचे आर्थिक आणि पर्यावरणीय परिणाम हा विषय वाचकांनी हाती घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. विषयाचे नाव रुक्ष आहे हे कबूल. ग्रंथालयात त्याची पुस्तकेही दोन वेगळ्या कपाटांत असतात. मजुरी, रोजगार, गावी पाठवलेला पैसा हे अर्थशास्त्राच्या कपाटात. नद्या, कचरा, भूजल हे पर्यावरणाच्या. माणूस मात्र दोन्ही कपाटांतून एकाच वेळी चालत असतो. तो गाव सोडतो तेव्हा एक शेत मागे राहते, आणि शहरात पोचतो तेव्हा एका नळावर एक हंडा वाढतो. या दोन नोंदी एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर मांडून वाचता येतात का, एवढाच खरे तर या अभ्यासाचा प्रश्न आहे.

आधी आवाक्याची कल्पना यावी. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जन्माच्या देशाबाहेर राहणारी माणसे सुमारे २८ कोटी होती. भारताच्या २०११च्या जनगणनेत देशातल्या देशात स्थलांतरित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे ४५ कोटी. म्हणजे साऱ्या जगाच्या सीमा ओलांडणाऱ्यांपेक्षा आपल्या एका देशात गावाची वेस ओलांडणारे जास्त. जागतिक स्थलांतर म्हटले की डोळ्यांसमोर विमानतळ येतो. मी वाचकांना सुचवीन की त्याआधी लातूरहून पुण्याला येणारी रात्रीची एस.टी. डोळ्यांसमोर आणावी. जर्मन-इंग्लिश भूगोलतज्ज्ञ रॅव्हेनस्टाइनने १८८५ मध्येच लिहून ठेवले होते की बहुतेक माणसे जवळच जातात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. दुसरे विधान लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडेल.

या अभ्यासाला पुण्यात जुनी बैठक आहे, आणि तिचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या घराघरांची सामाजिक-आर्थिक पाहणी करून घेतली. तिचे दोन खंड १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले. ना. वि. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली, ती १९५६ मध्ये आली. एका भारतीय शहराकडे इतक्या चिकाटीने, इतक्या लवकर आणि तेही दोनदा पाहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. डेक्कन कॉलेजातून इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी केली, ती १९६९ची. तिच्याकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. पोटासाठी निघालेला आणि धरणाने उठवलेला, दोघेही गाव सोडतात. पण पहिल्याला आपण स्थलांतरित म्हणतो, दुसऱ्याला विस्थापित. पहिला परत जाऊ शकतो, निदान तशी आशा धरू शकतो. दुसऱ्याचे गाव पाण्याखाली असते.

गंमत अशी, की हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. पुण्यात कोण कुठून आले हे मोजणारा अर्थतज्ज्ञ आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या हंगामी स्थलांतराला पुढे जन्म देणारा उद्योग एकाच माणसाच्या चरित्रात भेटतात. म्हणून आपणही ऊसतोडीपासूनच सुरुवात करू.

कोयता म्हणजे ऊस तोडायचे हत्यार, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटे माणूस आले तर तो अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर भागांतली कुटुंबे उचल घेऊन निघतात. उचल म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, जी पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडात राबून फेडायची. मजुरी टनावर. एक दिवस बुडाला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडाजवळच कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात. पुरुष बुडख्यातून ऊस तोडतो, बाई पाला सोलते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. उसाच्या शेंड्याचे वाढे विकून आठवड्याचा किराणा भागतो. हार्वेस्टर यंत्रे आता वाढली आहेत, तरी छोट्या तुकड्यांत आणि ओल्या रानात अजून कोयताच लागतो.

आता वहीचे दुसरे पान उघडा. ही माणसे पर्जन्यछायेच्या प्रदेशातून येतात. पाऊस दगा देतो, विहीर आटते, म्हणून निघतात. आणि ज्या पिकाच्या तोडीला येतात ते आपल्याकडचे सर्वांत तहानलेले पीक, नीरा डावा कालवा आणि खडकवासल्याचा कालवा यांच्या पाण्यावर बारामती, इंदापूर, दौंड भागांत उभे असलेले. पाण्यावाचून निघालेला माणूस सहा महिने पाण्याचेच पीक कापत राहतो. हा विरोधाभास एकदा नीट दिसला की राज्याच्या नकाशातला ओला पट्टा आणि कोरडा पट्टा वेगवेगळे वाटेनासे होतात. एकाच्या ओलाव्याने दुसऱ्याची माणसे ओढली जातात. याची किंमत कुणाच्या शरीरातून वसूल झाली, हे २०१९ मध्ये बाहेर आले: बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. साखरेच्या भावाची चर्चा होते तेव्हा हा खर्च कोणत्या रकान्यात धरायचा, ते अजून कुणी सांगितलेले नाही. सीमेपलीकडे, गुजरातेतल्या बारडोलीच्या कारखान्यांत खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांविषयी डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकातच लिहिले होते. त्यांचे लेखन मिळाले तर जरूर वाचा. कोयता हा शब्द तिथेही भेटेल.

उलट्या प्रवाहाचे उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला, गिरणीत लागला, मनीऑर्डरवर गावातले घर चालले, चाकरमानी गणपतीला येत राहिला. घरे बंद झाली, पण आंब्याच्या बागा कुणी राखायच्या? आज त्या बागांतून फिरलात तर राखण करणारा, फवारणी करणारा, माच्याजवळ झोपडी घालून राहणारा माणूस पुष्कळदा नेपाळी असतो; किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांवरचा खलाशीही. तिकडे नेपाळच्या डोंगरात पायऱ्यापायऱ्यांची शेते ओस पडत आहेत आणि त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव हिश्शाइतका पैसा बाहेर गेलेली माणसे पाठवतात. देवगडच्या हापूसची पेटी पुण्याच्या मार्केट यार्डात उतरते तेव्हा तिच्यामागे दोन ठिकाणची रिकामी घरे असू शकतात. जागतिक स्थलांतर ते हेच.

पुण्याच्या मध्यमवर्गाला हीच साखळी आपल्या दारात पाहता येईल. कोथरूड, बाणेर, औंध इथल्या कितीतरी सोसायट्यांत तीन खोल्यांच्या सदनिकेत दोन म्हातारी माणसे राहतात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी म्युनिकला. सदनिका त्यांच्याच पैशांतून घेतलेली. परदेशातून भारतात येणारा पैसा २०२२ मध्ये १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला, त्यातला काही असा विटा-सिमेंटमध्ये उतरतो. आणि आजी-आजोबांजवळ रात्री झोपायला येणारी मावशी परभणीकडची असते. तिची स्वतःची मुले गावी तिच्या सासूजवळ. मुलाची जागा मावशी भरते, मावशीची जागा तिची सासू. सासूची जागा भरायला कुणी उरत नाही. समाजशास्त्रज्ञांनी या साखळीला मोठे नाव दिले आहे. मला आपले ‘मावशीची सासू’ एवढेच पुरेसे वाटते.

आता ज्या वाक्यावाचून पुण्यात या विषयावरचे बोलणे पुरे होत नाही, त्याकडे वळू: ‘बाहेरच्या लोकांमुळे शहरावर ताण आलाय.’ वाचकांनी हे वाक्य लगेच झटकून टाकू नये आणि लगेच मानूही नये. ताण खरा आहे. २००१च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे २५.४ लाख होती, २०११ मध्ये सुमारे ३१.२ लाख. त्यानंतर २०२१ची जनगणना झालीच नाही. तेवढ्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यामुळे खडकवासला धरणातून शहराला किती पाणी द्यायचे यावर महापालिका आणि जलसंपदा विभाग यांचा जो वाद चालतो, तो मुळात माणसे किती यावरचा वाद असतो. कोटा मागताना तरती लोकसंख्या धरली जाते. रेशन, शाळा, मतदार यादी यांत मात्र तीच माणसे हाताला लागत नाहीत.

पण ताण कोण टाकतो? बांधकामावरच्या लेबर कॅम्पात जा. पत्र्याच्या खोल्यांची रांग, एक टँकर, सिमेंटच्या टाकीवर आंघोळीला उभे असलेले बिहार, झारखंड, छत्तीसगडचे लोक. पलीकडे त्यांनीच उभारलेल्या इमारतीत दर सदनिकेला तीन न्हाणीघरे आणि गच्चीवर पोहण्याचा तलाव. पाणी इमारत पिते आणि बोट कॅम्पाकडे दाखवले जाते. इमारतीची खडी वाघोलीकडच्या खाणींतून आली, तिथे दगड फोडणाराही बाहेरगावचाच. माझे मत स्पष्ट आहे: शहराचा पर्यावरणीय भार माणसांच्या डोक्यांवरून मोजण्याची सवय सोडली पाहिजे. तो राहणीवरून, क्षेत्रफळावरून, गाड्यांवरून मोजावा. तसा मोजला की नव्याने आलेला गरीब माणूस यादीत फार खाली जातो.

भार तो फारसा टाकत नाही. झेलतो मात्र पहिला. २०१९च्या पावसाळ्यात २९ जूनला कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खोपट्यांवर कोसळली; बिहारहून आलेली १५ माणसे गेली, त्यांत मुले होती. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. ओढा तोच होता. त्याचे पात्र वर्षानुवर्षे भराव, भिंती आणि रस्ते यांनी आवळले होते. पुण्याला हा अनुभव नवा नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा शहर आपल्याच पोटात स्थलांतरित झाले, आणि गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर पिंपरीत आलेले सिंधी निर्वासित, साठच्या दशकात कारखान्यांमागे आलेले कामगार, आणि पुढे हिंजवडीचे संगणकवाले यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; ते वाचकांना सहज मिळेल.

कमी लिहिले गेले ते १९७२च्या दुष्काळातून आलेल्यांविषयी. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून पुण्यात आलेल्या कितीतरी दलित बायका कचऱ्यातून भंगार वेचू लागल्या. १९९३ मध्ये त्यांची संघटना झाली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच मालाची यादी आहे. पुढे त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर जाऊन कुजला असता असा किती कागद आणि पत्रा या बायकांनी परत वापरात आणला असेल! एका पर्यावरणीय संकटाने हाकललेल्या माणसांनी दुसऱ्या शहराचे पर्यावरण सांभाळले. स्थलांतराचे परिणाम म्हणजे फक्त तोटे, असे समजून कुणी या अभ्यासात शिरत असेल तर त्याने आधी एक सकाळ आपल्या सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याच्या ढकलगाडीजवळ उभे राहावे.

पाण्याचा फेरा तर याहून विलक्षण आहे. सोलापूरहून कुणी पुण्याला येतो, इथे खोली घेतो, नळ सोडतो. ते पाणी गटारातून मुळा-मुठेत जाते, पुरते शुद्ध न होताच भीमेत, भीमेतून उजनीच्या जलाशयात, आणि उजनीतून पुन्हा सोलापूरच्या नळाला. मुलगा पुण्यात, आईबाप सोलापुरात, मध्ये एक नदी, आणि तिघांचा एकमेकांशी रोजचा संबंध, जो तिघांपैकी कुणालाच ठाऊक नसतो. जलपर्णीने हिरवीगार झालेली मुठा पाहताना हा विचार मनात येऊ द्यावा.

अभ्यासात उतरणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आकड्यांना मान द्या, पण त्यांची व्याख्या आधी विचारा. जनगणना जन्मस्थान आणि मागचे राहण्याचे ठिकाण विचारते. त्यामुळे तिच्या हिशेबात देशातली सर्वांत मोठी स्थलांतरित म्हणजे लग्न होऊन सासरी गेलेली बाई. सहा महिन्यांसाठी फडावर गेलेला कोयता तिच्यातून बहुतेक निसटतो. हवामानबदलामुळे २०५० पर्यंत जगात २१.६ कोटींपर्यंत माणसे आपापल्या देशांत हलतील असा जागतिक बँकेचा २०२१चा अंदाज आहे. आकडा मोठा आहे आणि भाषणात शोभतो. पण पाटोद्यातले कुठले कुटुंब कुठल्या वर्षी निघेल हे तो सांगत नाही. त्यासाठी गावातच जावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारलाही जावे: पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले आणि गेलेली कुटुंबे परतली. जाण्याचे कारण पाणी असेल तर येण्याचेही पाणी असू शकते, याचा तो जिता दाखला आहे. आणि कायम पुण्याकडूनच पाहू नका. सांगलीकडच्या विटा-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातले गलाईवाले सोने-चांदी गाळायला केरळ, तमिळनाडूपर्यंत पसरले आणि तिथून आलेल्या पैशाने गावाकडे बंगले उठले. तिथल्या गावांत मराठी माणूस हा ‘बाहेरचा’ असतो. ती नजरही उसनी घेऊन पाहावी.

पुस्तके नंतर वाचली तरी चालतील. आधी एखाद्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास वारजे माळवाडीच्या किंवा डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावर जा. थापी-ओळंबा घेतलेला गवंडी, घमेले घेतलेली बिगारी बाई, डबा पिशवीत बांधलेली पोरे रस्त्याच्या कडेला उभी असतात, आणि गाडी थांबली की सगळे तिच्याभोवती धावतात. त्यांना पगार विचारू नका, गावी पाऊस कसा झाला ते विचारा. बोलणे आपोआप सुरू होईल. मात्र दहाच्या आत पोचा. त्यानंतर ज्यांना काम मिळाले ते गेलेले असतात, आणि ज्यांना मिळाले नाही तेही.